त्रेसष्ट कॉर्डपैकी तीन

२ मार्च २०२५

आज एक्केचाळिसावी कॉर्ड! दात घासायच्या आधीच आमच्या साहेबांनी जाहीर केलं – "ललिता, एफ शार्प मायनर बसली व!" बसली तर बसली. पोहे थंड होऊन राहिले होते, त्यांच्याकडे कोण बघणार?

राइस मिलमधून रिटायर होऊन दीड वर्ष झालं. पहिल्याच महिन्यात हे आमच्या फुलचूरहून गोंदियाच्या बाजारात गेले नवा कुकर आणायला आणि आले गिटार घेऊन. तेव्हापासून मोबाइल समोर ठेवून शिकणं चालू आहे. माझ्या अंगणवाडीचं एक जुनं रजिस्टर घेतलं आहे. दर कॉर्डचा एक चौकोन, बोटं कुठं ठेवायची तिथं टिंबं. गाणं मात्र एकही पूर्ण वाजत नाही.

७ मार्च

महिला मंडळाची बैठक. १४ एप्रिलला विहारात आमचं गाणं आहे. सुशिलाबाईंनी स्वतः रचलंय. मी पुढे म्हणणार, बाकीच्या मागून. पेटीवाला यंदा येत नाही म्हणे. मी तोऱ्यात बोलून गेले, "आमचे हे वाजवतील गिटार!"

सुशिलाबाई म्हणाल्या, "भोजराजभाऊ? ते तं शिकूनच राहिले ना अजून!" सगळ्या खिदळल्या. आता माझं नाक यांच्या हातात.

८ मार्च

यांना सांगितलं. म्हणाले, "साठ झाल्याशिवाय स्टेजवर नाही बसणार." काऊन जी, साठ कायले? गाण्याच्या ओळी सोळा!

१२ मार्च

राजदीपचा नागपूरहून फोन. यांना द्यायला गेले तर नेहमीचंच – "तूच बोल." पोटच्या पोराशी बोलायचीही कंजुसी! मग मीच विचारलं, एका गाण्याला किती कॉर्ड लागतात रे?

हसला. "आई, तीन. जी, सी, डी. अर्धी दुनिया तेवढ्यावरच गाते. बाबाले सांग, बाकीच्या पेटीत भरून ठेवा."

सांगितलं. "त्याले काय समजते," म्हणाले आणि पुढच्या कॉर्डच्या मागे लागले. हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवून बसतात. उशी समजतात की काय!

२३ मार्च

आज पहिली प्रॅक्टिस, शेवटी राजदीपच्याच तीन कॉर्डवर. फजिती! मी स्वयंपाकघरात भाजी चिरत म्हणत होते, हे पुढच्या खोलीत. मी तिसऱ्या ओळीवर पोचले तरी हे पहिल्याच कॉर्डवर. जाऊन ओरडले – "तीनच तं आहेत जी! त्याही वेळेवर बदलत नाही?"

हे म्हणाले, "अशी माह्यासमोर येऊन बस."

बसले. आणि काय सांगू – एकही चूक नाही! सगळ्या जागा बरोबर. पण सारखं माझ्या तोंडाकडे बघत होते. लग्नाला एकतीस वर्षं झाली. मला पाहायला आले तेव्हाही एवढं पाहिलं नव्हतं. या वयात लाज वाटली मला!

३० मार्च

मंडळाच्या बाया घरी आल्या प्रॅक्टिसला. यांची अट – ललिता समोर पाहिजे.

"लोकायकडे पाठ करून कोनी गाते का?" सुशिलाबाई कडाडल्या.

शेजारची रीना म्हणाली, "काकाजी, काकू पळून नाही जात हो!"

सगळ्या हसल्या, हे हसले नाहीत. "मंग मी नाही वाजवत," म्हणून गिटार पिशवीत घालायला लागले. माणूस आहे की कोण! शेवटी मीच तोड काढली. तिरकी बसेन, अर्धी लोकांकडे, अर्धी यांच्याकडे. मंडळात तोंड दाखवायचं आहे मला, एवढं तरी यांना कळावं.

५ एप्रिल

साठावी. पेढे वाटू का?

९ एप्रिल

रीना म्हणते, "काकू, तुमच्या टीव्हीच्या बातम्या आमाले फुकटात आयकू येतात." आवाज कमी केला तर हे लगेच वाढवतात. एकोणतीस वर्षं मिलच्या मशीनजवळ काढली, तिथं सगळं ओरडूनच चालायचं. सवय, दुसरं काय.

पाच दिवस राहिले.

१४ एप्रिल

जय भीम! पांढऱ्या साड्या नेसून आम्ही नऊजणी. विहार गच्च भरलेला. हे निळा दुपट्टा घालून गिटार घेऊन बसले, चांगले दिसत होते. खोटं कशाला लिहू!

पहिलं कडवं सुरेख झालं. दुसऱ्याला माईकवाला आला आणि तो फोमचा मोठा गोळा थेट माझ्या तोंडासमोर आणून ठेवला. तिथून यांचं बिनसलं. एकच कॉर्ड – जी, जी, जी! लोक हसायला लागले. हे घामाघूम. मान इकडून काढ, तिकडून काढ, माझ्याकडे पाहून राहिले. सुशिलाबाईंनी मला कोपर मारलं.

मला राग आला की दया, माहीत नाही. माईक बाजूला सारला आणि उघड्या गळ्यानं म्हटलं. लगेच यांचा हात ठिकाणावर! शेवटी टाळ्या पडल्या, बऱ्याच पडल्या.

निघताना सुशिलाबाई म्हणाल्या, "भोजराजभाऊ, त्रेसष्ट शिकले म्हणता, त्यातल्या तीन तरी नीट येऊ द्या!" सगळे हसले. मी सगळ्यांत जोरात.

१६ एप्रिल

अंगणवाडीची एक जुनी नोंद हवी होती म्हणून यांचं रजिस्टर उघडलं. त्रेसष्ट चौकोन. शेवटच्या पानावर आमचं गाणं. ओळींखाली यांच्या अक्षरात – "ललिताचे ओठ मिटते, डी. दात दिसते, जी. मान वर करते, सी." सोळाही ओळींखाली तसंच.

हे पाठमोरे बसले होते. हळू हाक मारली. मग मोठ्यानं मारली. वळले नाहीत. लाकडावर हनुवटी ठेवून वाजवतच राहिले.

ऐकू येत नाही यांना! हनुवटीनं लाकडातला सूर धरतात, माझ्या ओठांवरून ओळ. किती दिवसांपासून? आणि मी हसून राहिले होते.

समोर जाऊन बसले. यांनी वर पाहिलं. मी पहिली ओळ म्हटली, सावकाश, ओठ नीट उघडून.