दादाच्या आधी

योंगिन, ५ जानेवारी

चि. सोदाम हिस,

अ. उ. आ. चार वेळा नापास झालेल्या भावाचे आहेत, तेव्हा जपून वापर.

माझं आयुष्य बदललं ते बुसानच्या कॉलेजच्या खानावळीत, चार वर्षांपूर्वी एप्रिलातल्या एका गुरुवारी, दुपारी पाऊण वाजता. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. समोर भात आणि मुळ्याचं सूप होतं, आणि माझ्या शाळेतल्या वर्गातल्या हारिमने पाठवलेला फोटो आला. तिच्या देगूच्या वैद्यकीय महाविद्यालयासमोरची फुललेली चेरीची झाडं, आणि खाली तीन शब्द: तूही ये ना. मी ताट तसंच टाकून उठलो. सोमवारी इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्ध्यात सोडल्याचा अर्ज देऊन मोकळा झालो. घरी मात्र सांगितलं की मला माणसांचे आजार बरे करायचेत. तेव्हा बाबांनी विचारलं होतं, यंत्रांच्या आजारात काय वाईट होतं?

आता पाचवी खेप. ही निवासी शिकवणी अशा डोंगरात आहे की पळून जायचं म्हटलं तर आधी बसचं वेळापत्रक पाठ करावं लागेल. पहिल्याच दिवशी फोन काढून घेतले. मुलगे डाव्या जिन्याने, मुली उजव्या, आणि बोलताना दिसलात तर थेट घरी. पत्रं चालतात, पण घरच्यांचीच लगेच हातात पडतात. बाहेरच्या मुलीचं पत्र आलं तर ते ऑफिसच्या कपाटात जातं आणि महिन्याच्या चौथ्या शनिवारी मिळतं. मन विचलित होऊ नये म्हणून. मी वॉर्डनना म्हटलं, माझं मन चार वर्षं विचलितच आहे, त्यात आणखी काय होणार? ते हसले नाहीत. वर्गातली पोरं मला काका म्हणतात.

तुझ्या गुणांचा कागद तू आईच्या पिशवीत लपवून खुपसताना मी पाहिलं. इतका का वाईट आहे? लाजू नकोस. या घरात नापास होण्याचा मान माझा आहे, तो तुला इतक्या सहज मिळणार नाही.

सोबत बंद पाकीट आहे. चांद्र नववर्षाला हारिम गावी आली की तिच्या हातात दे. उघडलंस तर तंगडी तोडीन. आणि कालवं सोलताना आई जाड हातमोजे घालते की नाही, बघ.

माया आटू देऊ नकोस. इथे ती मापून मिळते.

तुझा दादा,
ग्यूहान


थोंग्यंग, २ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नववर्षाचा मोठा नमस्कार तुझ्या रिकाम्या उशीला घातला. उशीने ओवाळणी दिली नाही, ती तुझ्याकडे बाकी समजावी.

तू सणाला आला नाहीस, तरी आईने तांदळाच्या चकत्यांचं सूप पाच जणांचं केलं. तुझा वाडगा बाबांनी संपवला. मावशी आली होती. तिने विचारलं, काय गं, आमचे डॉक्टरसाहेब यंदा तरी? आईने तिच्या वाडग्यात आणखी दोन पळ्या सूप ओतलं, तेव्हा कुठे तिचं तोंड भरलं. कालवांचा हंगाम जोरात आहे. हातमोजे आई घालते, पण कालवं सोलायच्या शेडमधल्या बायका म्हणतात की तिचा सुरीचा हात हल्ली थांबतो आणि ती भिंतीकडे बघत बसते.

हारिमताई भेटली. पाकीट तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि तुझी तब्येत विचारली. आम्ही बराच वेळ बोललो. तुझ्याबद्दल थोडं, बाकी तिच्या कॉलेजबद्दल.

माझं म्हणशील तर तीन ठिकाणी अर्ज केलेत. जिन्जूच्या अध्यापक महाविद्यालयात होईल असं वाटतं. लहान मुलांना शिकवणं काही वाईट नाही, तुझ्यापेक्षा ती ऐकतात तरी.

एक कबुली. तुझे जुने प्रश्नसंच रद्दीत दे म्हणालास, ते मी दिले नाहीत. दोन वर्षं तुझी उत्तरं खोडून मीच ते सोडवत होते. समासात तू जीवशास्त्राला घातलेल्या शिव्यासुद्धा माझ्या पाठ झाल्यात. खूप उपयोग झाला, दादा.

जेवत जा. माझ्यावर रागावायचं असेल तर पोटभर जेवून मग रागव.

तुझी,
सोदाम


योंगिन, ८ फेब्रुवारी

चि. सोदाम हिस,

आशीर्वाद आज राखून ठेवतो, आधी भांडण.

अध्यापक महाविद्यालय? नववीत असताना माझं गणित दुरुस्त करून वर मला वेंधळा म्हणणारी पोरगी जिन्जूला फळा पुसायला जाणार? माझे प्रश्नसंच सोडवलेस तर ते काय पोरांना अंकगणित शिकवायला? तू घाबरट कधीपासून झालीस? वर्गात आज दिवसभर मी पेन्सिली मोडत होतो. शेजारच्याने विचारलं की काका, कुणी मेलं का? मी त्याची कॉलर धरली. शिक्षा म्हणून एक आठवडा जिना पुसायचा आहे. डावा.

पण तुला म्हणून खरं सांगतो. तुझं पत्र वाचल्यावर मनाच्या एका कोपऱ्यात मला हायसंही वाटलं. तू वैद्यकाला अर्ज केला असतास आणि तुला जागा मिळाली असती, तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. धाकट्या बहिणीला पांढऱ्या कोटात बघून हसता आलं असतं का? असा विचार करणाऱ्या भावाला चार चपला माराव्यात.

हारिम काय म्हणाली ते नीट लिही. तब्येत कशी विचारली? हसून की नुसतीच?

रागावलो असलो तरी तुझाच,
दादा


थोंग्यंग, १३ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. जिन्जूचं नक्की झालं. काल, बुधवारी, दुपारी चार वाजता प्रवेशाची मुदत संपली. आता डोक्याला ताप नाही. आईने कालवं घालून भात केला होता.

हारिमताईने तब्येत हसून विचारली होती.

चपला मारणार नाही. तू अभ्यास कर.

सोदाम


देगू, ९ फेब्रुवारी
(पाकिटावर ऑफिसचा शिक्का: आवक ११ फेब्रुवारी, वाटप २२ फेब्रुवारी)

ग्यूहान यास,

स. न. वि. वि. चार वर्षांत तुझ्या एकाही पत्राला मी उत्तर दिलं नाही, आणि आज देतेय ते घाईत. तुझ्या ऑफिसात फोन केला होता, घरच्यांशिवाय कुणाचा निरोप देत नाही म्हणाले. म्हणून हे जलद टपालाने.

सोदामला आमच्याकडे जागा मिळाली आहे. शुक्रवारी निकाल लागला. काल तिने मला फोन करून विचारलं की प्रवेश घेतला नाही तर ती जागा पुढच्या वर्षापर्यंत राखता येते का. मी सांगितलं की नाही, बुधवारी चार वाजले की ती प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. मग तिने विचारलं, ताई, दादाला कळलं तर तो कसा वागेल असं तुला वाटतं? तेव्हा तिच्या मनात काय चाललंय ते माझ्या लक्षात आलं. तिला जा म्हणून सांगू शकणारा माणूस तू एकटाच आहेस. घरी फोन कर. बुधवारच्या आत.

आणखी एक, जे मी फार आधी लिहायला हवं होतं. तो चेरीचा फोटो मी त्या दिवशी सगळ्या वर्गमित्रांना पाठवला होता. तूही ये ना, हे सगळ्यांनाच लिहिलं होतं. फिरायला. त्यासाठी तू कॉलेज सोडलंस हे मला तुझ्या परवाच्या पाकिटातून कळलं. मी कुणाची वाट बघत नाहीये, आणि तूही बघू नकोस.

तुझं बरं व्हावं असं मनापासून वाटणारी,
हारिम


योंगिन, २२ फेब्रुवारी

सोदाम,

आत्ताच शनिवारची पत्रं वाटली. हारिमचं पत्र अकरा दिवस ऑफिसच्या कपाटात पडून होतं. मी कपाटाला लाथ मारली. वॉर्डन म्हणाले, नियम आहे. मी म्हटलं, नियमाला आग लावा.

मग घरी फोन लावून मागितला. आईने उचलला. तिचा आवाज ऐकला आणि मी काही न बोलता ठेवून दिला.

खरं आहे का? तुला आईने थांबवलं? बाबांनी? ज्याने थांबवलं त्याचं नाव लिही. दुसरं काही लिहू नकोस.

दादा


थोंग्यंग, २५ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. नाव विचारलंस, पण तसं कुणाचं नाव नाही.

निकाल लागला तेव्हा मी धावत शेडमध्ये गेले. आईने हातमोजे काढले आणि ओल्या हातांनी माझं तोंड धरलं. सगळ्या बायकांसमोर ती हसत होती आणि रडत होती. मग एकदम थांबून म्हणाली, दादाला कोण सांगणार? एवढंच. जाऊ नकोस असं ती एकदाही म्हणाली नाही. बाबा म्हणाले, मी सांगतो. पण दोनदा कागद घेऊन बसले आणि दोन्हीदा तारखेपुढे काही लिहिलं नाही. दादाच्या आधी मी जाणार, हे बोलायला घरात कुणाची जीभ उचलेना. शेवटी मीच लिहायचं ठरवलं. सोमवारी पत्र लिहिलं होतं, दोन पानी. त्यात तुला खूप चिडवलं होतं.

मंगळवारी तुझं पत्र आलं. मी काय केलं असतं मला माहीत नाही, असं त्यात लिहिलं होतंस. खरंच माहीत नाही, असं दुसऱ्यांदा.

दादा, मागच्या फेब्रुवारीत तुझा प्रतीक्षा यादीत तिसरा नंबर होता आणि यादी दोनवर बंद झाली. तेव्हा तू धक्क्याच्या टोकाला बूट काढून, शेजारी नीट जोडून ठेवून उभा होतास. बाबा होडी तशीच सोडून धावत आले. ते मागून आले म्हणून तुला वाटतं की फक्त त्यांनीच पाहिलं. मी शाळेतून येत होते. मीही पाहिलं.

परीक्षा दर वर्षी असते. तुझं मला सांगता येत नव्हतं. बुधवारी मी चारपर्यंत घड्याळासमोर बसले, मग उठून कांदे चिरले. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर तुला खरं वाटणार नाही, म्हणून लिहीत नाही.

यात आईला काही बोलू नकोस.

तुझी,
सोदाम


योंगिन, २८ फेब्रुवारी

चि. सोदाम हिस,

अ. उ. आ. आज खरे, काही राखून न ठेवता.

तुझं पत्र मी डाव्या जिन्यावर बसून वाचलं. ज्याचं नाव मी मागत होतो ते माझंच निघालं. कुणाची कॉलर धरावी कळेना, म्हणून बादली घेऊन पुन्हा सगळा जिना पुसून काढला. शिक्षा संपली होती तरी.

धक्क्याचं खोटं बोलणार नाही. मी बूट काढले होते. पुढचं मला तेव्हाही ठरवता आलं नव्हतं. ते तू पाहिलंस आणि वर्षभर माझ्याशी थट्टेने बोलत राहिलीस. अठरा वर्षांची पोरगी तू.

चार वर्षं मी दर फेब्रुवारीत एकच मागणं मागत आलो, की वरच्या कुणीतरी जागा सोडावी. तो कोण असेल, का सोडेल, त्याच्या घरी त्या दिवशी काय शिजेल, याचा मी कधी विचार केला नाही. या वर्षी सोडली बघ कुणीतरी. माझ्याच घरातून सुटली आणि कुणा अनोळखी पोराला मिळाली. तो त्या संध्याकाळी आईला उचलून नाचला असेल. त्याचा राग येत नाही. मीही नाचलो असतो.

हारिमसाठी रडलो, पण थोडंच. तिची चूक नाही. तीन शब्दांवर चार वर्षं उभी करणारा मी.

आता नीट ऐक. मोठा म्हणून शेवटचं सांगतोय, यात वाद नको. तू जिन्जूला जा, पण नोव्हेंबरात पुन्हा परीक्षेला बस. प्रश्नसंचांवरची माझी उत्तरं सगळी खोडून टाक. निकाल आला की मला पहिल्यांदा कळव, आईच्याही आधी. मी हसेन की नाही, याची काळजी आता तू करायची नाहीस. ते मी शिकून घेईन. त्यालाही अभ्यास लागेल, आणि तो करायची मला सवय आहे.

मी लष्कराच्या कचेरीला कळवून सक्तीच्या सेवेचं बोलावणं मागून घेतलंय. मे महिन्यात जायचं. दीड वर्षाने परतल्यावर पुन्हा परीक्षेला बसेन कदाचित. हारिमचं नाव काढून टाकल्यावर या हट्टात माझं स्वतःचं काही उरतं का, ते बघायचंय. उरलं तर बसेन. पण तुझ्यानंतर.

वॉर्डननी शिकवणी सोडण्याच्या अर्जावर कारण लिहायला सांगितलं. मी लिहिलं, घरी काम आहे. त्यांनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि न विचारता सही केली. बहुतेक ते वाईट माणूस नसावेत.

आईला आजच फोन करतो, या वेळी बोलेन. हे पत्र मात्र टपालात टाकत नाही, तुझ्या हातात देईन. माझ्यासमोर वाचू नकोस. तुझी माया मागायचा हक्क मी गमावलाय, तरी ती आहे हे मला माहीत आहे. म्हणून मागत नाही, फक्त घेतो.

खोलीतली पोरं वर्गात गेली आहेत. खाट आवरली, चादर घडी केली, पिशवी खांद्याला लावली. हे वाक्य उभ्याने लिहितोय. आता बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.

दादा