आण्णांच्या पायात चप्पल नाही

१ जुलै, मंगळवार. दुपार.

लिहायचं लिहायचं म्हणत वर्ष काढलं. कबूल आहे. वही हरवली नव्हती, उशाखालीच होती. ही वही सिदूआण्णांनी दिलती, रोज किती पळालो ते लिहायला. पहिली चाळीस पानं भरलेली आहेत. आज ती टायमिंगं बघून मला माझाच अभिमान वाटला. सोळाशे मीटर, चार मिनिटं अठ्ठावन्न सेकंद! मग आठवलं, त्या दिवशी मी पळालोच नव्हतो. धर्मापुरीच्या जुन्या देवळामागं सावलीत आडवा झालतो.

आजपासून नवीन पान. खरंच लिहायचं. कुणी वाचणार नाही, त्यामुळं भ्यायचं कारण नाही.

तर खरं असं. आण्णा मेंढरं राखतात आणि गावातल्या पोरांना पोलीस भरतीसाठी पळवतात. पैसा घेत नाहीत. हाच त्यांचा देव-देव. त्यांची एक रीत आहे. तोंडात पाण्याचा घोट धरून पळायचं. गिळायचा नाही, थुंकायचा नाही. शेवटी त्यांच्यासमोर टाकून दाखवायचा. तोंड बंद राहिलं की श्वास नाकानं चालतो, आणि आण्णा म्हणतात, माणूस खोटंबी बोलत न्हाई. मी पहिल्याच वळणावर गिळायचो आणि शेवटच्या हापशावर नवीन भरायचो. आण्णा बघून म्हणायचे, "मुंज्या, तुझं पाणी लई गार निघतंय रे. बाकीच्यांचं कोमट असतंय." मला वाटायचं कौतुकच चाललंय.

मागच्या जुलैत बीडला भरतीचं ग्राऊंड होतं. मी निघालो. मांजरसुंब्याला बस चहाला थांबली. ढाब्यावर एक ट्रक उभा, त्यात जत्रेतला आकाशपाळणा खोलून भरलेला. एवढा मोठा पाळणा सुट्टा झालेला मी जन्मात बघितला नव्हता. ड्रायव्हर म्हणला, बसतो का तुळजापूरपर्यंत? मी नुसते नटबोल्ट बघायला वर चढलो. चार दिवसांनी गावात आलो आणि सांगितलं, दोन सेकंदांनी हुकलं.

वीस म्हणायला पाहिजे होतं. दोन सेकंद लोकांच्या लई मनाला लागले. माय अजून रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून सांगते. आण्णांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि पायातली चप्पल काढून बाजूला ठेवली. म्हणले, "हे दोन सेकंद मिटले की घालीन." तेव्हापासून अनवाणी. काट्यात, डांबरावर, मेंढरामागं. पोरांना पळवणंही बंद.

दहा तारखेला गुरुपौर्णिमा. त्याच्या आत आण्णांना खरं सांगून टाकणे. नऊ दिवस आहेत. भरपूर झाले.

२ जुलै. पहाटे ४:३०.

उठलो. (हे लिहितोय ९:१५ ला.) बसल्या बसल्याच आण्णांशी काय बोलायचं त्याचा विचार केला. विचार करता करता मान पडली. रोज आठ दिवस असा विचार केला तर फायनल बोलणं एकदम पक्कं होईल.

३ जुलै, गुरुवार. संध्याकाळ, परळी.

काम मिळालं! भागवत मोबाईलवर न्यूज चॅनल चालवतो. त्यानं माझ्या हातात माईक दिला. परळीत टॉकीजला नवीन पिक्चर लागलाय. पळणारं पोरगं आणि डोंगरावर राहणारे त्याचे गुरुमहाराज. पोरगं ध्यान करतं, हरतं, रडतं, जिंकतं. झेडपीला उभं राहायच्या तयारीत असलेल्या धर्मराजभाऊंनी आमच्या भागाला फुकट शो ठेवला होता. बाहेर आलेल्या प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेणे, ही माझी ड्यूटी. भागवत म्हणला, "बे, दोनच प्रश्न. कसा वाटला, आणि पाचात किती स्टार. तिसरा विचारू नको, तू वाहवत जातोस."

घोळ सुरुवातीलाच झाला. ट्रॉलीभर बाया आल्या. पोस्टरवर महाराजांचा हात आशीर्वादाला वर. त्यातल्या सारजाबाईंनी दारातच चपला काढल्या. म्हणल्या, महाराजाच्या म्होरं चपला घालून कसं जावं? मग सगळ्यांनीच काढल्या. गडी पण. दारात चपलांचा हा ढीग. डोअरकीपरनं पण बूट काढले, कावून ते त्यालाच म्हाईत.

आत महाराज पडद्यावर आले की बाया हात जोडायच्या. शेवटच्या शर्यतीला तर सारजाबाई उभ्या राहून ओरडल्या, "पळ लेकरा, माघं बघू नको!" पोरगं जिंकल्यावर पुढच्या रांगेत कुणीतरी नारळ फोडला. पाणी माझ्या माईकवर.

प्रतिक्रिया: एक आजोबा म्हणले, पोरगं दिवसभर पळतंय, मग म्हशीला पाणी कोण दावतंय ते दाखवलंच न्हाई. औष्णिक वीज केंद्रातला एक कामगार म्हणला, नाक धरून डोळे मिटून बसायला डोंगर कशाला, राख उडली की आमी तेच करतो. एक पोरगा म्हणला, लई मोटिवेशन आलं, उद्यापासून पळणार. मी त्याला विचारलं, उद्या म्हणजे कधी? (तिसरा प्रश्न. सवय.) सारजाबाईंना पाचात किती स्टार विचारलं तर म्हणल्या, पाचच का, जेवढे हायेत तेवढे दे.

आणि मग आण्णा बाहेर आले.

फुकटच्या ट्रॉलीत ते पण असतील हे माझ्या डोक्यातच नव्हतं. माईक माझा, कॅमेरा चालू, पळायला जागा नाही. कसा वाटला पिक्चर, असं मी आण्णांना विचारलं, जशी काय ओळखच नाही. आण्णा म्हणले, "बरा हाय. पर त्यो गुरू लई बोलतो. दर दहा मिन्टाला डोंगरावर चढून बोलतो. पोरगं पळंल कवा? आन् पोरगं हरलं की इचारतो, कावून हरला. आसं इचारू न्हाई. गेटाला हुभं ऱ्हावं. पोरगं आपून येतं, आपून सांगतं. येळ लागतो." मी विचारलं, पाचात किती स्टार? आण्णांनी माझ्याकडं बघितलं. म्हणले, "दोन. दोनचा आकडा बरा हाय."

तिथंच सांगणार होतो. खरंच. पण तेवढ्यात चपलांच्या ढिगावर भांडणं लागली. कुणाच्या पायात कुणाची, काहीच मेळ नाही. सारजाबाई एक निळी, एक काळी घालून ट्रॉलीत चढल्या. सगळ्यात निवांत आण्णा. त्यांचं काहीच बदललं नव्हतं.

४ जुलै.

भागवतनं आण्णांचं बोलणं कापलं आणि नुसते पाय ठेवले. भेगा, काटे, चिखल. मागं सनई. वर लिहिलं, 'शिष्याच्या दोन सेकंदांसाठी वर्षभर अनवाणी, या गुरूसमोर पिक्चर पण फिका'. दोन सेकंदांची माहिती त्याला मायनं दिली. सकाळपासून मोबाईल थांबेना. खाली कमेंट: 'असा गुरू नशिबानं मिळतो', 'शिष्य कुठाय'.

शिष्य घरात आहे. पांघरूण घेऊन.

एक गोष्ट खरी, माझ्या खोट्यामुळं आण्णांना नाव मिळालं. खरं सांगितलं असतं तर त्यांना कुणी ओळखलं असतं? तरी मोबाईल उशाखाली उलटा ठेवलाय. चार्जिंग वाचवायला असेल.

५ जुलै, शनिवार.

आज सांगायचंच म्हणून आण्णांच्या वस्तीकडं निघालो. वाटेत जेसीबी विहिरीतला गाळ काढत होता. तीन तास बघितला. माणसानं जेसीबीकडून शिकावं, खोल जावं, सगळा गाळ बाहेर काढावा. हा विचार आण्णांना सांगण्यासारखा होता. वस्तीवर पोचलो तर मेंढरं रानात गेलेली. आण्णांची नात सायली दारात बूट धूत होती. ती पण भरतीची तयारी करते, एकटीच. म्हणाली, "या रिपोर्टर. कुणाची प्रतिक्रिया घ्यायला आलाव?" मी म्हणलं, सहज. ती म्हणाली, "आण्णाच्या टाचेतला काटा रात्री मी काढला. त्याची घ्या."

घरी आलो. जेवलो नाही. (एक भाकरी फक्त.)

नवीन आयडिया: आण्णांना चांगली चप्पल भेट देणे. पायात चप्पल आली की विषयच मिटला. मग सांगायची गरज पण राहत नाही. आण्णांच्या पायाचं माप मात्र मला माहीत नाही. दोन वर्षं मी त्यांच्या पाया पडलो, एकदा पण नीट बघितलं नाही.

७ जुलै, सोमवार.

लई वाईट झालं. धर्मराजभाऊंनी गुरुपौर्णिमेला 'गुरू-शिष्य सन्मान' ठेवलाय. दहा तारखेला, अकरा वाजता, स्टेजवर. शिष्यानं स्वतःच्या हातानं गुरूच्या पायात चप्पल घालायची. शिष्य म्हणजे मी.

चौकात फ्लेक्स लागला. भाऊ मोठे, आण्णा मध्यम, आण्णांचे पाय आण्णांपेक्षा मोठे. आणि कोपऱ्यात मी, पोलिसाच्या वर्दीत! फ्लेक्सवाल्यानं माझं डोकं दुसऱ्याच्याच वर्दीवर चिटकवलं. मी भांडायला गेलो तर म्हणला, "बे, गुरू-शिष्य म्हणल्यावर शिष्य पास झालेलाच आसतो ना? पिक्चरमदी न्हाई का?"

माय फ्लेक्सखाली जाऊन उभी राहिली. पदरानं माझा चेहरा पुसला, धूळ होती म्हणून. हात पुरत नव्हता, तर उड्या मारून पुसला.

हे मी बघायला नको होतं.

८ जुलै.

निर्णय. पळायचं नाही. स्टेजवरच माईक घेऊन खरं सांगणार. माईकची सवय झालीय आता. भाषण लिहून काढलं. सुरुवात: 'मित्रहो, दोन सेकंद म्हणजे काय?' म्हशीसमोर तीनदा म्हणून बघितलं. 'मी ग्राऊंडवर गेलोच नव्हतो' या वाक्यापाशी दर वेळी पाणी प्यावं लागतं. शेवटी ते वाक्य काढलं. आता भाषण गडगडत जातंय. लोक रडतील.

९ जुलै. संध्याकाळ.

वाचून बघितलं. त्या वाक्याशिवाय भाषणात काहीच नाही. नुसते आभार आहेत, त्यातले दोन टॉकीजवाल्याचे.

गुरूच्या पायाला हात लावायचा, भेगा बोटाला लागणार, वरून फुलं पडणार. माझ्याच्यानं होणार नाही. हा भेकडपणा नाही. उलट, पात्रता नसताना सन्मान न घेणं याला मोठं मन लागतं. भाऊ दुसरा शिष्य बघतील. मायला सांगितलं, एक रिपोर्टिंग आहे. ती म्हणली, वर्दी घालून जा. म्हणजे तिला पण तो फ्लेक्स खराच वाटतोय, का चेष्टा करतेय, कळलं नाही.

१० जुलै, गुरुवार. सकाळी ९:४०. मांजरसुंबा.

तोच ढाबा. ठरवून आलो नाही, बस इथंच थांबली. पाळण्याचा ट्रक नाही. सोलापूरच्या तीन गाड्या गेल्या. प्रत्येक वेळी उठलो, परत बसलो. कंटाळा आला असेल.

१०:२०. सायलीचा फोन. कुठाय विचारलं. मी म्हणलं, परळी स्टेशनला. ती म्हणाली, "बरं. परळी स्टेशनवर कंडक्टर 'सोलापूर, सोलापूर' आरडतेत का आता?"   मग म्हणाली, "दादा, त्या दिशी आण्णा बीडला आलते. मलाबी नेलतं. पहाटं चारपसून आमी गेटाला हुभे होतो. तुझा नंबर तीनदा पुकारला. मग कंडक्टरनं सांगितलं, पोरगं मांजरसुंब्याला चहाला उतरलं ते परत चढलंच न्हाई."

मी म्हणलं, मग तेव्हाच बोलले का नाहीत?

ती म्हणाली, "वर्ष झालं बोलतेत की. पायानं."

आणि सांगितलं, आण्णा आज पहाटेच कुठंतरी निघून गेलेत. कार्यक्रमाला पण नाहीत. पाण्याची बाटली तेवढी भरून नेली. फोन ठेवला.

१०:३५. शांत डोक्यानं विचार करतोय. ज्या माणसाला मी वर्षभर फसवलं तो फसलाच नव्हता. म्हणजे फसवणूक झालीच नाही, असं पण म्हणता येईल. कागदावर बरोबर दिसतंय. मग हे मोठ्यानं वाचवत कावून न्हाई?

हे दोन सेकंद मिटले की घालीन. तुला वर्दी मिळाली की घालीन, असं आण्णा म्हणलेच नव्हते. वर्दी आम्हीच जोडली. मी, माय आणि फ्लेक्सवाला.

गार पाणी. ते पण त्यांना माहीत होतं.

ठरलं. पुढची परळीकडची गाडी धरणार. सरळ वस्तीवर जाणार. आण्णा नसले तर दारात बसून राहणार. संध्याकाळपर्यंत, रात्रीपर्यंत. या वेळी नक्की.

१०:५५. गाडी आली. गेली. चहा संपायचा होता.

११:१०. आणखी एक गाडी थांबली, ही परळीकडून आलेली. एकच माणूस उतरला. आधी पाय दिसले.

आण्णा आलेत.

 समोरच्या बाकड्यावर बसले. पिशवीतून जुनी चप्पल काढून टेबलाखाली ठेवली, घातली नाही. बाटली उघडली, मोठा घोट तोंडात घेतला. गिळला नाही. गाल फुगलेत. आता ते बोलू शकत नाहीत, बोलायचं मलाच आहे. आण्णांनी त्यांचं पळवायचं स्टॉपवॉच टेबलावर ठेवून बटण दाबलं.

आधी एवढं लिहून घेतो, मग सांगतोच.

दोन सेकंद केव्हाच होऊन गेले.