मोहोरबंद फाइल उघडल्याच्या एक्केचाळीस नोंदींबाबत

प्रति,
मा. मुख्य अभिलेख अधिकारी,
दत्तक नोंदणी शाखा, मध्यवर्ती अभिलेख कार्यालय.

विषय : सर्व्हरवरील मोहोरबंद फाइलींच्या परवानग्या आपोआप बदलणे, त्याचे खापर अर्जदारावर फुटणे, व एक नाव कळविणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे यापूर्वीचे तीन अर्ज. २) चौकशी अहवाल, दि. २३ डिसेंबर.

महोदय,

हा चौथा अर्ज आहे. पहिल्या अर्जास ‘यंत्रणा सुरळीत आहे’ असे उत्तर मिळाले. दुसरा विहित नमुन्यात नसल्याने परत आला. तिसऱ्यावरून अर्जदाराचीच चौकशी लागली. तरीही कार्यालयावरील विश्वास ढळू न देता अर्जदार पुढील हकीकत मांडीत आहे.

१. अर्जदार गेली एकोणीस वर्षे या कार्यालयाच्या युनिक्स सर्व्हरची देखभाल करतो. दत्तक गेलेल्या मुलांची मूळ कागदपत्रे त्यावरील एका फोल्डरमध्ये असतात. प्रत्येक फाइलला तीन आकड्यांची परवानगी असते : मालकाने काय करावे, त्याच्या गटाने काय करावे, उरलेल्या जगाने काय करावे. या फोल्डरचा आकडा ७०० असावा, म्हणजे जगाला शून्य. गेल्या मार्चपासून तो दर सोमवारी सकाळी ७७७ झालेला आढळू लागला. म्हणजे कार्यालयातील कोणीही यावे, वाचावे, छापून घ्यावे.

२. अर्जदार तो दर सोमवारी पूर्ववत करी. मात्र नागरिकांसाठीची खिडकी साडेनऊला उघडते, आणि हे काम जेथून करता येते त्या यंत्रखोलीची चावी आपल्या खिशात असते. आपण दहाला येता. मधला अर्धा तास फोल्डर उघडा राही. चावी पहारेकऱ्याकडे ठेवावी ही विनंती पहिल्याच अर्जात होती.

३. दोष शोधण्यासाठी अर्जदाराने दोन गोष्टी केल्या. एक, कोणती फाइल कोणी उघडली व परवानगी कशाने बदलली याची नोंदवही सर्व्हरवर सुरू केली. दोन, एक छोटा प्रोग्राम लिहिला. मुख्य खात्याला सर्वच दारे उघडी असल्याने त्या खात्यातून तपासणी निरर्थक ठरते. म्हणून हा प्रोग्राम अर्जदाराच्या साध्या खात्यातून रविवार सोडून रोज दहा वाजता प्रत्येक मोहोरबंद फाइल उघडून पाही. नकार मिळाला तर कुलूप शाबूत, उघडली तर कुलूप तुटलेले. उघडताच तो ती बंद करी. पडद्यावर एक अक्षरही येत नसे.

४. बॅकअप तपासला, निर्दोष निघाला. नव्या फाइलींना आपोआप मिळणारी परवानगी तपासली, तीही बरोबर. शेवटी नोंदवहीत सापडले की दर रविवारी पहाटे, सर्व्हरने आपोआप करावयाच्या कामांच्या वेळापत्रकातील एक ओळ संपूर्ण फोल्डर ७७७ करते. ती ओळ मार्चमध्ये कंत्राटी तंत्रज्ञाने घातली. वरिष्ठांच्या भेटीच्या दिवशी आपल्या संगणकावर एक फाइल उघडेना, तेव्हा आपण त्याला म्हणालात, “सगळ्यांना सगळं उघडं करून टाका. पुढचं पुढे बघू.” तो माणूस आज्ञाधारक होता, त्याने कायमची सोय केली. ती ओळ काढण्यास आपली लेखी परवानगी लागते, ती तिसऱ्या अर्जात मागितली होती. चौकशीत आपण कानांवर हात ठेवलेत.

५. आता अर्जदाराच्या घरची गोष्ट, जिचा कार्यालयाशी संबंध नसता तर बरे झाले असते. अर्जदाराची मुलगी बावीस वर्षांची आहे. ती दत्तक आहे आणि तिची फाइल याच फोल्डरमध्ये आहे. ती तान्ही घरी आली त्या दिवशी अर्जदाराच्या पत्नीने त्याच्याकडून वचन घेतले की ते कागद कधी वाचायचे नाहीत. “वाचलेस तर ती आपली उरायची नाही,” असे तिचे म्हणणे. मुलीला सांगायचे होते. आधी दहावी होऊ दे म्हटले, मग नोकरी लागू दे म्हटले, आणि मग पत्नीच गेली. एकोणीस वर्षे सर्व्हरच्या चाव्यांचा जुडगा हाताशी असून अर्जदाराने ती फाइल वाचली नाही. याचा त्याला अभिमान होता.

६. नोव्हेंबरातील एका सोमवारी मुलगी अर्जदाराचा विसरलेला डबा द्यायला आली. खिडकीवरील कारकून बाईंनी चष्मा वर करून विचारले, “तूच का ती?” आणि अगोदरच छापून ठेवलेला कागद तिच्यासमोर सरकवला. तिने तो तिथेच उभ्याने वाचला. डबा खिडकीतच राहिला. तो दुपारी शिपायाने आणून दिला, तेव्हा म्हणाला, “आईनं नाव मात्र फार गोड ठेवलं होतं हो.”

७. चौकशी समितीने नोंदवही तपासली. तीत त्या फाइलीपुढे अर्जदाराच्या खात्याच्या नावे एक्केचाळीस सोमवारी ‘उघडली’ आणि उरलेल्या दोनशे पाच दिवशी ‘प्रयत्न केला, नाकारले’ असे आहे. यावरून अर्जदाराला ती फाइल वाचण्याचे व्यसन असल्याचा, आणि कुलूपही त्यानेच तोडल्याचा निष्कर्ष निघाला. प्रोग्रामचा खुलासा अर्जदाराने तीन तास केला. अहवालात त्याचे एक वाक्य झाले : ‘उघडणे व वाचणे यांत यंत्र भेद करीत नाही, सबब कार्यालयही करीत नाही.’ बाधित व्यक्ती म्हणून अहवालाची प्रत मुलीला पाठविण्यात आली. आजवर आपण इतक्या तत्परतेने काहीही पाठविलेले नाही.

८. मुलगी आता वसतिगृहात राहते. जन्मभर ती अर्जदाराला “बाबा, तू” म्हणत आली. आता रोज संध्याकाळी एक फोन करते आणि म्हणते, “तुम्ही एक्केचाळीस वेळा वाचलंत. माझ्या आईनं ठेवलेल्या नावानं एकदा हाक मारा, मी घरी येते.” अर्जदार म्हणतो, मला ते ठाऊक नाही गं. ती फोन ठेवते. खोटे बोलणारा बाप तिला चालला असता, पण इतक्या पुराव्यानंतरही खोटे बोलणारा चालत नाही.

९. ते नाव या कार्यालयात सर्वांस ठाऊक आहे. अर्जदार जिन्याने जाऊ लागला की बोलणी थांबतात. कारकून बाईंना विचारले, शिपायाला हात जोडून विचारले. दोघे म्हणाले, साहेबांचा आदेश आहे, मोहोरबंद माहिती फोडली तर नोकरी जाईल. त्या आदेशाची तारीख २४ डिसेंबर आहे. त्याच दिवशी ती ओळ काढली गेली, फोल्डर ७०० झाला, आणि अर्जदाराचे खाते बंद करण्यात आले. कुलूप आता उत्तम चालते, याबद्दल आपले अभिनंदन.

१०. अर्जदाराने पूर्वी मागितलेले सर्व काही तो मागे घेत आहे. निर्दोषत्वाचा दाखला नको, खातेही नको. पत्नीला दिलेला शब्द तो आज मोडतो आहे, त्याचा जाब तो तिला देईल. सोबत जोडलेल्या कागदावर आपण ते नाव लिहून द्यावे. आडनाव नको. फोन साडेसातला येतो.

आपला अजूनही नम्र,
(सही)
निलंबित यंत्रणा देखभालकार
दि. ६ जानेवारी

सोबत :
१) पूर्वीच्या तीन अर्जांच्या प्रती
२) तपासणी प्रोग्राम, एकूण चौदा ओळी
३) कोरा कागद, एक