भलत्या वेळी वर गेलेला उजवा हात

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी हा उजवा हात कापून ठेवावा असं वाटत होतं. आता चहाचा कप धरून बसलाय, गुपचूप.

शहाडच्या साइटवर क्रेनला सळ्यांचा गठ्ठा टांगलेला, खाली फिटर धरायला उभे. मी डाव्या हाताने ‘हळू खाली’ची खूण देत होते. क्रेन चालवणारा रफिकभाई वर केबिनमध्ये, त्या आवाजात त्याला माझे हात तेवढे कळतात. तेवढ्यात गेटमधून दत्तूकाका आले. ही जमीन मुळात त्यांची, त्यामुळे फेरी असतेच. हात वर करून म्हणाले, "काय गो सुजाता, बरी हाय ना?" आणि माझाही उजवा हात वर! मोठ्या माणसाने विचारल्यावर हात खाली कसा राहणार? पण एक हात खाली म्हणतोय, दुसरा भलतंच.

गठ्ठा जागच्या जागी थांबला.

नंतर रफिकभाई म्हणाला, "हाथ समझा नहीं, तो रुक गया. अंदाज़ा थोड़ी लगाऊँगा?" त्याने अंदाज लावला असता तर? नकोच तो विचार.

काकांना सांगितलं, माल हवेत असताना मला हाक मारू नका. रागावतील असं वाटलेलं. सुट्टीच्या आधी पुन्हा आले ते हात पाठीमागे बांधून, गेटपाशीच थांबले. शेवटचा गठ्ठा टेकला, हूक सुटला, तेव्हा कुठे त्यांनी हात वर केला. मग मीही केला, हाच उजवा, चांगला उंच.

वर बघते तर रफिकभाईपण हात हलवतोय.