नव्या माणसाचे आठ सामने

प्रिय बाबा,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता औषधाच्या दुकानात ठेवलंय, कारण ते तू एकट्याने आणि बसून वाचावंस. दुकानदाराला सांगितलंय, आईच्या गोळ्यांच्या पिशवीत टाका आणि आधी बाबांना स्टूल द्या. हसू नकोस. गेले चार दिवस मी वर्गात फळ्यासमोर उभी राहते आणि काय शिकवत होते तेच विसरते. आज सकाळी एक साधी सरासरी काढायला घेतली आणि अर्ध्यावर थांबले; पहिल्या बाकावरच्या मुलीने मला पाणी आणून दिलं. एकामागून एक असे तीन धक्के बसलेत, त्यामुळे क्रमानेच सांगते, नाहीतर माझंच मला उमगायचं नाही.

महिन्यापूर्वी क्लबचे अध्यक्ष माझ्या कॉलेजात आले. हो, तेच. तुला क्लबमधून काढलं त्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. आई हॉस्पिटलात होती तेव्हा त्यांनी पाठवलेली फुलं मी नर्सच्या हाती तशीच परत धाडली होती. ज्या माणसाने चौदा वर्षं खपून फुटबॉलचा संघ उभा केला, त्याला अकरा सामन्यांत एकही विजय नाही म्हणून दोन ओळींचं पत्र देऊन घरी बसवणारे अध्यक्ष माझ्या लेखी संपले होते. आणि ते माझ्या खोलीच्या दारात उभे, चष्मा पुसत. म्हणाले, "तुझ्या बापाच्या ओळखीवर मागत नाही. आकड्यांची बाई म्हणून तुझ्याकडे काम घेऊन आलोय."

काम असं होतं. तुझ्या जागी आलेला मॅनेजर आता नऊ सामने जिंकलेला नाही. प्रेक्षक त्यालाही हाकला म्हणून ओरडताहेत आणि कार्यकारिणीतली निम्मी मंडळी तिसऱ्या माणसाच्या शोधात आहेत. मॅनेजर बदलल्याने संघ खरोखर सुधारतो का, आणि सुधारला तर ते किती दिवस टिकतं, एवढं मी तपासून द्यायचं.

मी हो म्हटलं, पण चांगल्या मनाने नाही. तू गेल्यावर त्या नव्या माणसाने पहिल्या आठपैकी सहा सामने जिंकले होते, ते माझ्या मनात सलत होतं. गाव म्हणत होतं, म्हातारा अडून बसला होता म्हणून गाडं अडलं होतं. माझ्या दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात यंत्र घालून हेच ऐकवलं, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नाही. शेवटी एका रविवारी फोनवर मीही तुला विचारलं होतं, "बाबा, खरंच तुझंच काही चुकत होतं का रे?" तू म्हणालास, "असेल गं. थकलो होतो मी." आणि लगेच माझ्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाची चौकशी केलीस. मला वाटलं, तुला लागलं आणि तू ते लपवलंस. आता त्या नव्या माणसाचा फुगा फोडायची आयती संधी चालून आली होती.

मी लीगचे तीस वर्षांचे निकाल घेतले. संघ हरत असताना मॅनेजर बदलला, असे एकसष्ट प्रसंग सापडले. मग तितकेच वाईट हरत असूनही ज्यांनी आपला माणूस ठेवला, असे संघ शोधून प्रत्येकाची जोडी लावली. पहिल्या गटाचा आलेख काढला तर रेघ झपकन वर गेलेली. नवा माणूस आला की आठ-दहा सामने संघ जिंकतो, मग हळूहळू आपल्या नेहमीच्या जागी येऊन बसतो. आता दुसऱ्या गटाची रेघ सपाट निघणार असं मी धरूनच चालले होते. ती काढली आणि खुर्ची मागे सरकवून उभीच राहिले. तीही तशीच वर गेली होती. दोन्ही रेघा इतक्या एकावर एक बसल्या की मला वाटलं मी एकच गट दोनदा घातला. तीनदा तपासलं. चूक नव्हती. ताप सगळ्यात जास्त चढला की आपण डॉक्टर बदलतो; ताप त्याच्या वेळेला उतरतो आणि नाव होतं नव्या डॉक्टरचं. नव्या माणसाचे ते सहा विजय, बाबा, तू तिथे असतास तरी बहुतेक आले असते. तुझं चुकत नव्हतं. आणि त्याचंही आता फारसं चुकत नाहीये, हे कबूल करताना माझ्या जिवावर आलं. काही थोड्या मॅनेजरांची सुधारणा मात्र टिकली होती. ते सगळे तीन वर्षांहून जास्त राहिलेले. राहिले म्हणून जिंकले, की जिंकले म्हणून राहू दिले, ते आकड्यांवरून सांगता येत नाही, आणि तसं मी अहवालात स्पष्ट लिहिलं.

आपल्या क्लबची नेमकी तारीख हवी होती म्हणून गुरुवारी दुपारी मी क्लबच्या ऑफिसात गेले. अध्यक्षांनी त्या वर्षाची फाइल माझ्यापुढे ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तुला काढल्याच्या ठरावाच्या नऊ दिवस आधीचा, रेघी वहीतला एक कागद लावलेला होता. अक्षर उजवीकडे कललेलं, 'र' ला वर उगाच शेपटी. मी शाळेत असताना माझ्या प्रगतिपुस्तकावरच्या सहीत असायचं तेच तुझं अक्षर. मला ते पत्र आता पाठ झालंय. "माझ्या घरात एक माणूस वरचेवर तोल जाऊन पडतंय आणि ते कोणाला सांगत नाही. मला तिच्याजवळ राहायचं आहे. मी राजीनामा दिला तर ती मला दुसऱ्या दिवशी परत पाठवेल. तुम्ही काढून टाकलंत तर तिला काही बोलता येणार नाही. सामने मी मुद्दाम हरलेलो नाही, पण हरतोच आहे तर त्याचा उपयोग करून घ्या. नवा माणूस आला की पोरं आठ-दहा सामने जीव तोडून पळतील. ते त्याचं कर्तृत्व समजू नका, आणि पुढे पाय मंदावले तर त्याचा दोषही समजू नका. त्याला तीन वर्षं द्या, आणि यातलं कोणाला सांगू नका. एवढा शब्द मला द्या."

तीन आठवडे मान मोडून मी जे काढलं होतं, ते तू आकडेमोड न करता, मैदानाच्या कडेला उभं राहून लिहून ठेवलं होतंस. पण ते मला नंतर सुचलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसत होतं की दोन वर्षं गावाने तुला नाकर्ता म्हटलं, मीही तुला सरळ विचारलं, आणि तू नळाची चौकशी केलीस. मी अध्यक्षांना म्हटलं, "तुम्ही मला सांगितलं का नाही? मी तुमची फुलं परत पाठवली." ते म्हणाले, "सांगणार नाही असा शब्द दिला होता. वाचायला देणार नाही असा नव्हता दिला."

त्या संध्याकाळी कार्यकारिणीपुढे मी अहवाल वाचला. पाच विरुद्ध दोन मतांनी नवा मॅनेजर राहिला. बाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. चौतिशीचा असेल, डोळ्यांखाली काळं, झोप नसलेला माणूस. म्हणाला, "तुमच्या बाबांनी तयार केलेली पोरं मला अजून नीट कळत नाहीत. ते आठवड्यातून तीन सकाळी येऊन नुसते माझ्याशेजारी बसतील का? मला विचारायची लाज वाटते." ज्याचा फुगा फोडायला मी निघाले होते, तो हा.

शनिवारी घरी आले होते ते याचसाठी. तू दाढी करायला बाहेर पडलास आणि मी आईजवळ आडून आडून विषय काढला. कुठपर्यंत बोलावं ते मला कळत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सापडलं का तुला काही?" बाबा, माझ्या हातातली बशी खाली पडली. तिला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. म्हणाली, "ह्यांना वाटतं मी फसले. अगं, बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी, थापा मारणाऱ्यांचे चेहरे वाचण्यात जन्म गेला. अकरा सामने हा माणूस धड जेवला नव्हता. ज्या दिवशी हाकलून दिलं, त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं आणि घोरत झोपला." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? आजाराने थरथरणारा हात तिने दुसऱ्या हाताने धरला. मग म्हणाली, "बोलले असते तर ह्यांना परत पाठवावं लागलं असतं. आणि मला पाठवायचं नव्हतं. मला घरी हवे होते हे. लोक ह्यांना काय काय बोलत होते ते खिडकीतून ऐकत होते मी, तरी गप्प बसले. ही लबाडी माझी."

तर हे पत्र खरं म्हणजे माझं नाही. पेन तिच्या हातात राहत नाही म्हणून तिने मला लिहायला बसवलंय. सगळं लिही म्हणाली, काही गाळू नकोस. तिचा निरोप असा की सोमवार, बुधवार, शुक्रवार तू मैदानावर जायचंस; त्या सकाळी मी घरी असेन, कॉलेजात तास दुपारचे मागून घेतलेत. तोल सावरायला तिला कोणाचाही हात चालेल म्हणते, पण आपल्यासाठी नाव घालवून बसलेला माणूस समोर बघून तिच्या घशाखाली घास उतरत नाही. मी विचारलं, शेवटी तुझ्याकडून आभार लिहू का? तर चिडली. म्हणाली, "ते तू नाही लिहायचे. ते मी स्वतःच्या तोंडाने सांगणार आहे. दोन वर्षांत चारदा सुरुवात केली आणि चारही वेळा ह्यांनी विषय बदलला. ह्यांना आधी सगळं कळू दे, म्हणजे आता पळायला जागा उरणार नाही." तेव्हा बाबा, चष्मा पुस आणि सरळ घरी जा. ती बोलायला लागली की मध्ये काही बोलू नकोस. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो.

तुझीच,
थोरली