काढलेली झाडं

४ फेब्रुवारी

समोरच्या टेबलावरची बाई शुक्रवारी निवृत्त झाली. आता झाडांच्या नोंदणीच्या खोलीत मी एकटी. घरी तर आहेच. आज कुलूप लावताना लक्षात आलं, दिवसभरात तोंडातून निघालं ते फक्त फोनवर — "चुकीचा नंबर लागलाय." म्हणून ही वही. बोलायची सवय मोडू नये, इतकंच.

५ फेब्रुवारी

साहेबांनी बोलावलं. शहरातल्या झाडांच्या नोंदी ज्या जुन्या यंत्रावर आहेत ते महिनाअखेर बंद. "दुरुस्त करणारा माणूसच मिळत नाही, बाई." आजवर लोक रस्त्याचं नाव टाकायचे, यंत्र साठ्यात शोधून उत्तर द्यायचं. आता प्रत्येक झाडाचं पान आधीच तयार करून इंटरनेटवर ठेवायचं. कोणी विचारो न विचारो, पान तिथे असेल.

"आणि ही खोली?"

"मग खोली कशाला लागतेय."

मी लागेन का, ते विचारलं नाही. उत्तर आधीच तयार असणार.

७ फेब्रुवारी

कामाला संगणकवाली आली आहे. चाळिशीची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, एका हाताने डबा खाते, दुसऱ्याने टाइप करते. "एकदा पानं पाडली की झालं, बाई. मग साठा नको आणि यंत्रही नको."

झाडांच्या कचेरीत पानं पाडणार म्हणे! हसले. आवाज चमत्कारिक आला. बरेच दिवस वापरात नव्हता.

"आणि चूक सापडली तर?"

"साठा चालू आहे तोवर सांगा, दुरुस्त करून पुन्हा पाडू. नंतर मला शोधत फिरावं लागेल."

१० फेब्रुवारी

आज तिने विचारलं, "इथे 'स्थिती' या रकान्यात 'काढलं' लिहिलंय. म्हणजे चित्र काढलं का?"

प्रश्न वेडगळ नव्हता. शेजारचा रकाना चित्राचाच आहे. पहिल्या पाहणीला आम्ही दोघी बहिणी हिंडलो होतो. मी खोडाचा घेर मोजायचे, धाकटी झाडांची, पानाफुलांची चित्रं काढायची.

"काढलं म्हणजे तोडलं," मी म्हटलं. "दप्तरी भाषा. 'तोडलं' लिहिलं की लोक भांडायला येतात."

"दात काढतात, तसं."

"तसंच."

"चित्रं मात्र सुरेख आहेत. कोणाची?"

"होती एक."

होती काय! शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, चांगली धडधाकट.

१३ फेब्रुवारी

पानं पडली. मी तपासायला बसले आणि आधी तुती शोधली, आईच्या अंगणातली. पानच नाही. तिचंच असं नाही, काढलेल्या एकाही झाडाचं पान नाही.

संगणकवालीने कारण शोधलं. तिचा प्रोग्राम रस्त्यांच्या याद्या धरून चालतो. झाड काढलं की आम्ही त्याला रस्त्याच्या यादीतून वगळतो. नोंद साठ्यात राहते, क्रमांक टाकून विचारलं तर मिळते. पण आता विचारायची सोयच नाही.

"ज्याच्याकडे कुठूनच वाट जात नाही ना बाई, ते असून नसल्यासारखं."

जेवताना हे आठवलं. भाजी खारट झाली होती. कोणाला सांगायचं?

१४ फेब्रुवारी

साहेब म्हणाले, "नसलेल्या झाडांची पानं? लोक हसतील."

म्हटलं, "झाड नाही हे खरं, तसं ते होतं हेही खरं."

"वाचणार कोण?"

"कोणी नाही. तरी पान हवं."

"तुम्ही म्हणजे अगदी —" पुढचं गिळलं. मला ऐकू आलंच. मग म्हणाले, "साठा बंद व्हायच्या आत उरका. हट्ट तुमचा, निस्तरायचंही तुम्हीच."

१७ फेब्रुवारी

तुतीचं लिहूनच टाकते. वहीच्या पानापासून काय लपवायचं?

आईमागे घर धाकटीकडे गेलं. माझी ना नव्हती. पण तुतीच्या मुळांनी कुंपणाची भिंत फुगली. ती म्हणे, भिंत कोणाच्या तरी अंगावर पडेल. मी म्हणे, भिंत पाड, झाड ठेव. तोंडाला तोंड लागलं. ती म्हणाली, "तुला माणसांपेक्षा खोडं जवळची." ते लागलं मला. मग एक दिवस फोनवर तिचा निरोप आला — "अंगणातलं झाड काढायला घेतलं शेवटी. येऊन बघून जा."

बघून जा! मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कचेरीत आल्या आल्या नोंद बदलली: काढलं. नंतर तिचे फोन आले. घेतले नाहीत. मग तेही थांबले.

२१ फेब्रुवारी

'काढलेली झाडं' असं वेगळं पान झालं. तिथून प्रत्येकाकडे वाट. तुतीचंही पान पाहिलं. क्रमांक, घेर, घराचा पत्ता. स्थिती: काढलं. चित्र: नाही. तळाला या खोलीचा फोन.

संगणकवाली म्हणाली, "आता ही पानं नेटवर शोधणाऱ्यालाही सापडतील. आधी तुमच्या यंत्राला येऊन विचारल्याशिवाय काही दिसायचंच नाही." मग डबा पुढे केला. "घ्या. उष्टं नाही केलेलं." घेतलं. कोणाबरोबर खाल्लं की जरा जास्त जातं.

तिचं इथलं काम संपलं.

२५ फेब्रुवारी

फोन एकदा वाजला. चुकीचा नंबर.

२७ फेब्रुवारी

दुपारी कपाटं रिकामी करत होते. फोन वाजला.

"झाडांची नोंदणी का? तुमच्या पानावर एक चूक आहे."

आवाज ओळखला. खुर्ची ओढून बसले.

"कोणती?"

"ताई?" मग म्हणाली, "नातीला शाळेसाठी तुतीची माहिती हवी होती. शोधायला गेलो तर आपलंच अंगण निघालं. आणि तुती काढलेली म्हणे."

"तूच काढलीस."

"काढली की. सगळ्या शहराची झाडं काढली, आपल्याच अंगणातलं राहिलं होतं. म्हणून तर बघायला बोलावलं तुला. चित्राची गुंडाळी अजून कपाटावर पडून आहे."

मी समोरच्या कागदावर 'काढलं' लिहिलं आणि पुन्हा वाचलं.

"ताई, तू काय समजलीस? अगं, भिंत पाडली मी. तूच म्हणाली होतीस ना? तुती आहे जागच्या जागी. खिडकीतून दिसतेय आत्ता."

"मी न बघता नोंद केली," मी म्हटलं.

"तू?"

ती हसली की रडली, कळलं नाही. माझंही.

२८ फेब्रुवारी

सकाळी मोजपट्टी घेऊन गेले. घेर वाढलाय. तिथूनच संगणकवालीला फोन केला, साठा बंद व्हायच्या आत तिने पानं पुन्हा पाडली. स्थिती: उभं.

खोलीच्या किल्ल्या साहेबांना दिल्या.

धाकटीकडून मिळालं: तुतीचं चित्र, एक. खोडाला मोजपट्टी लावून एक बाई उभी आहे. पाठमोरी आहे, पण मीच.