आज मागच्या दाराशी थांबू नका

अहो,

उपमा झाकून ठेवलाय, ऑफिसातून आल्यावर आधी तो खा. मी बसनं अबिड्सला हॉलवर पुढे जाते. आज स्कूटर घेऊन मागच्या दाराशी थांबू नका. मी तानपुऱ्यावर नाही. मागच्या तीन कार्यक्रमांनाही नव्हते.

एका टीव्ही कंपनीच्या देणगीतून संगीत मंडळानं विजेवरचा तानपुरा घेतलाय, रेडिओएवढा. सेक्रेटरी म्हणाले, "अम्मा, अब आप आराम से सामने बैठके सुनो." चांगल्या मनानंच म्हणाले. मी समोर बसून ऐकलं आणि सुटल्यावर इमारतीला वळसा घालून तुमच्या स्कूटरपाशी आले. बोटं दुखतात का, असं तुम्ही दर वेळी विचारलंत आणि मी हो म्हणत राहिले. तेवढं खोटं बोलले.

यंत्र बिनचूक वाजतं. गाणारा खोकायला थांबला तरी त्याला कळत नाही, इतकंच.

या महिन्यात अजून दोन कार्यक्रम आहेत, शनिवारी सतार आणि पुढच्या रविवारी ठुमरी. कॅलेंडरवर खूण केलीय. दोन्हींना मी जाणार.

स्कूटर चोरीला जाईल म्हणून अठरा वर्षं तुम्ही बाहेरच उभे राहिलात. मला स्टेजवर पाहायचं तुमचं राहूनच गेलं. आज स्कूटर घरीच ठेवा, रिक्षानं या. तुमचं तिकीट टीव्हीवर ठेवलंय. साडेसहाला पुढच्या दारानं आत या, माझ्या शेजारची खुर्ची तुमची आहे. मी कुठं बसायचे, ते बोटानं दाखवीन.

कुमुद